गच्चीची चाबी

रथसप्तमी होऊन आठ दिवस झाले होते. धापोड्याच्या शिजल्या पिठानं भरलेला गरम गंज दोन्ही हातानं धरून मी तीन जिने चढली, अन् पाहते तर गच्चीच्या दरवाजाले नारळाएवढं कुलूप. ज्याइनं जन्मात धापोडे केले नाहीत, त्याइले या कुलपाचं दुःख समजणार नाही. धापोडे म्हणजे उन्हात वाळवलेले ज्वारीचे पापड. ज्वारीचं आंबवलेलं पीठ एकदा शिजलं का ते कोणासाठी थांबत नाही. गरम आहे तवरच पळीनं ओल्या धोतरावर टाका लागते. गार झालं का त्याची खळ होते, मग त्यानं भिंतीले पोस्टर चिकटवा. मी दहा मिनिटं त्या कुलपापुढं उभी होती. दहा मिनिटात पाच किलो ज्वारीची खळ झाली.

आमची सोसायटी कशी झाली, असं लोक विचारतात. मी सांगते, त्या खळीपासून झाली.

आमची बिल्डिंग यवतमाळात आर्णी रोडच्या बाजूले आहे. नाव 'गगनविहार', उंची तीन मजले. घरं बारा. मी पहिल्या मजल्यावर राहते. शिक्षण चौथी. हे मी आधीच सांगून टाकते, कारण लोक मागून सांगतात.

खाली येऊन मी बिल्डरले फोन लावला. बिल्डर म्हणजे सलील, कालचं पोरगं.

"सलीलभाऊ, गच्चीले कुलूप कोणं लावलं?"

"मी लावलं काकू. मोबाईलचा टॉवर येतोय तिथं. मिरगाच्या आधी काम सुरू."

"अन् माहे धापोडे?"

"काकू, सोसायटी झाली नाही तोवर गच्ची माझीच. आहे का सोसायटी तुमची?"

"नाही."

"मग करा, अन् मग चाबी मागा," म्हणे, अन् हसला.

कुलपाचा राग आला त्याच्या दुप्पट त्या हसण्याचा आला. या पोराच्या घरी तीन उन्हाळे माह्या धापोड्याचा डबा गेलता. दरवर्षी असे तेरा घरी डबे जातात. पोरी, बहिणी, नणंदा, एक विहीण जिच्याशी मी बोलत नाही पण डबा पाठवते. चाळीस वर्षात एक खाडा नाही. आता मिरगाच्या आत चाबी हातात आली नाही तर टॉवर उभा होणार, अन् टॉवर एकदा बसला का तो काही उठून घरी जात नाही. म्हणजे त्या विहिणीले मी काय सांगणार होती? बाजारातून आणलेले धापोडे पाठवले असं? त्यापेक्षा तिच्याशी बोललेलं बरं.

त्याच संध्याकाळी पार्किंगमधे माणसाइची मिटिंग बसली. मी पदर खोचून उतरली, तर तिसऱ्या मजल्यावरचे अनंतराव म्हणतात, "इंदूवहिनी, हे जरा कायद्याचं काम आहे. तुम्ही बायकांनी चहाचं तेवढं पाहा."

अनंतराव कचेरीतून मोठे बाबू म्हणून रिटायर झाले. अडतीस वर्षं फाइली बांधल्या, अन् रिटायर झाल्यावर बांधायले काही उरलं नाही म्हणून आता दुधाच्या हिशोबाची फाइल बांधतात. मी वर आली. चहा केला, पण त्यात आलं टाकलं नाही. राग दाखवायची माही ही पद्धत आहे, ज्याले समजायचं त्याले समजते. खाली कोणालेच समजलं नाही. सगळ्याइनं दोन-दोन कप पेले.

त्यानंतर हप्त्यातून दोनदा मिटिंग व्हायले लागली. पूनमसिंग एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले. ते आधी पुढून मागं माणसं मोजत, मग मागून पुढं मोजत, अन् आकडा जुळला तरच मिटिंग सुटे. आमच्या घरचे मिटिंगमधे तुरीच्या भावाचं बोलत. यांचं नाव मी घेत नाही, पण या सोसायटीपायी सतरा कागदावर लिहावं लागलं, म्हणून इथंही लिहून टाकते. भगवानराव. नेरजवळ आमची शेती आहे, अन् यांचं अंग यवतमाळात असलं तरी तोंड तिकडंच असते.

सल्ला द्यायले शेजारच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ येत. त्याइची सोसायटी चौदा वर्षापासून होऊन राहिली आहे, अजून झाली नाही. त्याइचा सल्ला सगळ्यात जास्त घेतला गेला. म्हणतात ना, अनुभव पाहिजे.

पहिले सोसायटीचं नाव ठरवून सहकार खात्याच्या कचेरीत राखून ठेवा लागते म्हणे. सहा मिटिंगा नावावरच गेल्या. अनंतरावले 'साफल्य' पाहिजे होतं. पूनमसिंगले सेवालाल महाराजाचं नाव पाहिजे होतं. आमच्याइले आमच्या गावच्या मारुतीचं. दुसऱ्या मजल्यावरचा साकेत बँकेत आहे, त्यानं एक इंग्रजी नाव काढलं, ते कोणाले म्हणता येईना म्हणून मागं पडलं. शेवटी तिन्ही नावं जोडून एक नाव केलं, ते अर्जाच्या रकान्यात मावेना. मी वरून गॅलरीतून ऐकत होती. बारशाले आलेल्या आत्याही इतक्या भांडत नाहीत.

पाच हप्त्यांनी फाइल तयार झाली. अनंतरावनं ती लाल नाडीनं बांधली, अन् जशी नवरी सासरी पाठवतात तशी अकरा माणसं तिच्यासंगं कचेरीत गेली. आमच्याइनं लग्नातलं जाकीट घातलं. नारळ फोडला.

कचेरीत मी नव्हती. पण पूनमसिंगनं गंगीबाईले सांगतलं, अन् गंगीबाईनं मले, म्हणून मी होती असंच समजा. गंगीबाई पूनमसिंगची बायको, माह्या दाराशेजारी दार. ती गोष्ट सांगते तेव्हा त्यातल्या खुर्च्याही कुठं होत्या ते सांगते.

तर तिथं बळीराम नावाचे बाबू. शांत माणूस. त्याइनं नाडी सोडली, अर्ज एका बाजूले ठेवले, खरेदीखतं दुसऱ्या बाजूले ठेवली, अन् विचारलं, "हे अनंतराव कोण?"

"मी," अनंतराव म्हणाले अन् ताठ बसले.

"अन् शोभा कोण?"

"माझी पत्नी."

"फ्लॅट त्यायच्या नावानं आहे. तुमी त्या फ्लॅटचे कोण लागता?"

अडतीस वर्षं नोकरी केलेला माणूस, त्यानं खरेदीखत उलटंपालटं करून पाहिलं.

मग बळीराम बाबूनं एकेक करून पुढं विचारलं. पूनमसिंग? फ्लॅट गंगीबाईचा. भगवानराव? फ्लॅट इंदूबाईचा. असे अकरा. झालं काय होतं, का घर घेतेवेळी बाईच्या एकटीच्या नावानं खरेदी केली तर स्टँपमधे एक टक्का सूट होती. सगळ्या माणसाइनं डोकं चालवलं, बायकोचं नाव टाकलं, एक टक्का वाचवला, अन् घर कोणाचं झालं हे विसरून गेले. बाराच्या बारात मालक म्हणावा असा एकटा साकेत निघाला, अन् तो पण काहून? तर घर घेतलं तेव्हा त्याचं लग्न झालं नव्हतं, नाव टाकायले बायकोच नव्हती.

"ज्यायचं घर आहे त्यायले पाठवा," बळीराम बाबू म्हणाले अन् नाडी पुन्हा बांधून दिली. गंगीबाई म्हणते, गाठ अनंतरावपेक्षा चांगली बांधली.

त्या दिवशी बिल्डिंगमधे असं सामसूम होतं, जसा कोणाच्या घरी पाहुणा बेशुद्ध पडला. आमचे जेवायले बसले. मी वाढलं. दोन पोळ्या झाल्या, तिसरी झाली.

"अवं," म्हणाले.

"काय?"

"तुही सही लागते म्हणते."

"कायले?"

"ते घर तुह्या नावानं आहे न."

"कोणतं घर?"

"हेच वं. माहीत असून काहून विचारतं?"

"मले कुठी माहीत? मले त चहाचं पाहा म्हटलं होतं."

यांनी वरणात पोळी इतकी बुडवली का बोटं दिसेना. मी चौथी पोळी वाढली. चांगल्या गोष्टीले घाई करू नाही.

"सही देते मी," म्हटलं. "पण मिटिंग आता आमी घेऊ. चहा तुमी करजा. अन् आलं टाकजा."

तेव्हा यांच्या लक्षात आलं. "म्हणजे दीड महिना आलं नव्हतं त्यात?" म्हणतात. दीड महिन्यानं!

शोभाताईकडं चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, तीच आमची पहिली मिटिंग. शोभाताई म्हणजे अनंतरावची बायको, बीए झालेली, बोलणं अगदी इस्तरी केलेलं. अकराही बायका आल्या. साकेतची बायको शाल्मली पण आली. ती शाळेत शिकवते, अक्षर चांगलं म्हणून तिले लिहायले बसवलं. साकेत स्वतः मालक म्हणून आला, तर त्याले कोपऱ्यात खुर्ची दिली अन् पन्हं दिलं. अख्ख्या मिटिंगीत तो एकच वाक्य बोलला, "अजून थोडी कैरीची डाळ मिळेल का?"

नाव एका मिनिटात ठरलं. गंगीबाई म्हणे, "पाटी 'गगनविहार'ची लागली आहे, लाइट बिल त्याच नावानं येते, पोस्टमनले तेच माहीत आहे. कायले बदलता?" संपलं. पार्किंगमधे आमचे मालक, म्हणजे माजी मालक, चहाची किटली घेऊन वरच्या बोलावण्याची वाट पाहत उभे होते. त्याइले नाव सांगतलं तर पूनमसिंग म्हणे, "बस? इतकंच?"

मग मुख्य प्रवर्तक निवडायचा होता. ज्याच्या सहीनं सगळं पुढं जाते अन् ज्याले सगळे बोल खावे लागतात, त्याले मुख्य प्रवर्तक म्हणतात. सगळ्याइचं म्हणणं पडलं का शोभाताई शिकलेल्या आहेत, त्याइनं व्हावं. शोभाताईनं पदर सारखा केला अन् म्हणाल्या, "मी होईन हो, पण सलीलसमोर कोणी उभं राहायचं? मला मोठ्यानं बोलता येत नाही." सगळ्या बायकाइनं माह्याकडं पाहिलं. चाळीस वर्षात जे बोलणं मले नडलं, त्यानंच मले पद दिलं.

त्याच बैठकीत सगळ्या अर्जावर सह्या झाल्या. माही सही व्हायले थोडा वेळ लागते. 'इं' वर टिंब देऊन मी जरा थांबते, मग पुढं जाते. कोणी घाई केली नाही. फाइल पूर्ण झाली तसं मी तिले हळदकुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या. नवीन कागद कोराच कसा पाठवावा?

कचेरीत मी, गंगीबाई अन् शोभाताई गेलो. बळीराम बाबूनं चष्मा पुसला.

"मुख्य प्रवर्तक कोण?"

"मी."

"नाही, मुख्य प्रवर्तक कोण आहे?"

"मीच म्हणून राहिली न बाप्पा."

"शिक्षण?"

"चौथी."

त्याइनं लिहिलं. रकाना एवढा लांब, अन् त्यात 'चौथी' अशी बसली जशी लग्नाच्या पंगतीत आगंतुक. मले जरा लागलं. पण पुढं त्याहून वाईट होतं.

"बाई, ह्या सह्या आहेत का अंगठे?"

"सह्या."

"मग प्रत्येक सहीजवळ हे लाल बोट कशाचं? अंगठा असेल तर साक्षीदार पाहिजे."

"कुंकू आहे ते," गंगीबाई म्हणाली. "चैत्रगौर होती न."

"अन् पहिल्या पानावर हे पिवळं?"

"हळद," मी म्हटलं.

बळीराम बाबूनं साहेबाच्या दाराकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "माझी बायको पण चेकबुकाले हळदकुंकू लावते. मले समजते. साहेबाले नाही समजणार. चारही प्रती पुन्हा करून आणा." अन् फाइल झटकली तर टेबलावर अक्षता सांडल्या. त्याइनं त्या एकेक वेचून मले परत दिल्या. कचेरीतलं काही घरी नेऊ नाही म्हणतात, पण आपलं तिथं ठेवणंही चालत नसेल.

पुन्हा बारा घरच्या सह्या, चार-चार प्रती. या वेळी शोभाताई साबण अन् टॉवेल घेऊन दारात उभ्या. हात धुतल्याशिवाय कोणाले पेन नाही. मले त हुंगून पाहिलं.

फाइल गेली. अक्षय तृतीया झाली. ऊन्ह असं पडे का रस्त्यावर पोळी भाजावी, अन् ते सगळं ऊन्ह गच्चीवर फुकट जाऊन राहिलं होतं. मी रोज कुलपापाशी जाऊन यायची. एक दिवस टॉवरवाले दोन माणसं मोजमाप घ्यायले आले, सलीलनं त्याइच्यासाठी कुलूप उघडलं अन् परत लावलं. माह्या डोळ्यादेखत.

मग चिठ्ठी आली. सलीलनं हरकत घेतली होती. शाल्मलीनं वाचून दाखवलं. "मुख्य प्रवर्तक या अशिक्षित असून त्यांना संस्थेच्या उपविधींचे कोणतेही ज्ञान नाही." साहेबासमोर सुनावणी, तारीख मे महिन्याच्या मध्यावर.

अशिक्षित! मी तीन पोरं पदवीधर केली. कापसाच्या गाडीवर बसून जिनिंगवाल्याच्या काट्यातली चोरी पकडली. तो शब्द मी दोन रात्री उशाशी घेऊन झोपली. आमचे म्हणाले, "जाऊ दे, शोभाताईले पुढं कर." एवढं म्हटलं अन् त्या दिवशी यांनाच बिनआल्याचा चहा भेटला.

तिसऱ्या दिवशी मी शाल्मलीले विचारलं, "हे उपविधी म्हणजे काय असते?"

"सोसायटीचे नियम, आजी. पुस्तक आहे. पण मोठं आहे."

"पोथीपेक्षा मोठं?"

तिनं विचार केला. "नाही. तेवढंच असेल."

"मग लाव पारायण."

असं आमचं उपविधीचं सप्ताह पारायण बसलं. शाल्मलीच्या शाळेले सुट्ट्या होत्या. रोज दुपारी तीन वाजता माह्या घरी सगळ्या बायका. मधे पाट, पाटावर पुस्तक. गंगीबाईनं पहिल्याच दिवशी उदबत्ती लावली, ती कोणी विझवली नाही. शाल्मली बिचारी सरळ वाचायले लागली, तर आम्हाले ते कानात धरेना. मी म्हटलं, "पोरी, चालीत वाच." तिनं चाल लावली, अन् मग काय विचारता. सभासदानं जिन्यात सामान ठेवू नये, रे. सदनिकेत ओल आली तर समितीस कळवावे, रे. पाण्याची टाकी वर्षातून धुवावी, रे. अध्याय संपला का गंगीबाई हात जोडे अन् आईले हाक मारतात तशी तिच्या बंजारा बोलीत म्हणे, "याडी ये, किती चांगलं लिहिलं!" वार्षिक सभेच्या अध्यायात तिघी-चौघी झोपल्या, पण पोथीतही झोपतातच. सातव्या दिवशी समाप्ती, शिऱ्याचा प्रसाद. माणसाइनं केला. जरा लागला होता बुडाले.

मी जे काही आयुष्यात शिकली ते कानानं शिकली. सातव्या दिवशी ते पुस्तक माह्या पोटात होतं.

सुनावणीले अकराही बायका गेलो. साकेत बँकेतून सुट्टी काढून आला, मागच्या बाकावर बसला. माणसं बाहेर झाडाखाली. सलील साहेबाजवळच्या खुर्चीवर, पांढरा शर्ट, हातात गाडीची चाबी खेळवत. गच्चीची चाबीही त्याच कडीत होती. मी लांबून ओळखली.

साहेब भले वाटले. म्हणाले, "आजी, हरकत अशी आहे की तुम्हाला उपविधी माहीत नाहीत. तुम्ही ते वाचले आहेत का?"

"नाही साहेब. ऐकले."

सलील हसला. तेच हसणं.

"बरं," साहेब म्हणाले, "गच्चीबद्दल काय नियम आहे, तेवढं सांगा."

मी तोंड उघडलं. अन् काही येईना. डोळ्यापुढं पुस्तक दिसे, उदबत्ती दिसे, शिरा दिसे, गच्ची काही दिसेना. साहेब वाट पाहून राहिले, सलील घड्याळ पाहून राहिला. मग माह्या लक्षात आलं.

"साहेब," म्हटलं, "मधूनच नाही येत. अध्यायाच्या सुरुवातीपासून म्हणा लागते."

"म्हणा मग."

मी डोळे मिटले अन् चाल धरली. "सभासदानं जिन्यात सामान ठेवू नये, रे..." दुसऱ्या ओळीले गंगीबाईनं सूर दिला. तिसऱ्या ओळीले शोभाताई, ज्याइले मोठ्यानं बोलता येत नाही. चौथ्या ओळीले अख्खी खोली. ओल झाली, टाकी झाली, गाड्या कुठं लावाव्या ते झालं, कपडे कुठं वाळवावे ते झालं. मागून साकेतचाही आवाज आला. बळीराम बाबू दारात येऊन उभे होते, अन् मी शपथेवर सांगते, त्याइचा पाय ताल देऊन राहिला होता. मग आली ती ओळ. गच्ची ही सर्व सभासदांच्या सामाईक वापराची, कोणा एकाची नव्हे, रे.

ती ओळ आम्ही दोनदा म्हटली. पोथीत महत्त्वाची ओवी दोनदा म्हणतात.

साहेबाइनं हात वर केला. रुमालानं तोंड पुसलं, अन् चांगला वेळ पुसलं. मग सलीलकडं पाहून विचारलं, "तुम्ही वाचलेत का उपविधी?"

सलीलचं चाबी खेळवणं थांबलं.

"सर, म्हणजे, आमचे वकील..."

"चालीत नको," साहेब म्हणाले. "साधे वाचलेत का?"

मे महिन्याच्या चोवीस तारखेले प्रमाणपत्र हातात आलं. मिरगाले चौदा दिवस बाकी होते. गोल शिक्का, खाली सही, अन् वर पूर्ण नाव, गगनविहार सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित. मी ते सावकाश, स्वतः वाचलं. हळदकुंकू लावायले हात शिवशिवत होते, पण बळीराम बाबूनं माह्याकडं असं पाहिलं का मी प्रमाणपत्र पिशवीत ठेवलं. घरी आल्यावर काचेत बसवलं, अन् मग काचेले लावलं. काच माही आहे.

सलील स्वतः चाबी द्यायले आला. मी चाबी घेतली नाही. म्हटलं, "तूच उघड भाऊ. तूच लावलं होतं." तीन जिने माह्यापुढं चढला, कुलूप काढलं, अन् चाबी माह्या हातावर ठेवली. मी त्याले चहा पाजला. आलं टाकून. त्याच्या आईच्या घरी डबा पण जाणार होता, तिच्याशी माहं काय भांडण?

आता माणसाइचा प्रश्न राहिला. अनंतराव खालमानेनं येऊन विचारतात, "वहिनी, आमचं सोसायटीत काय स्थान?" शाल्मलीनं पुस्तक पाहून सांगतलं, का घरच्या माणसाले अर्ज करून सहयोगी सदस्य होता येते. अनंतरावचा चेहरा असा उजळला! अर्ज करायचा होता न. अकराही माणसाइचे अर्ज त्याइनं एका बैठकीत लिहिले, लाल नाडीनं बांधले. शाल्मलीनं स्वतःचाही लिहिला, अन् साकेतले सांगतलं का पुढचं घर घेशील तेव्हा एक टक्का वाचव.

नव्या समितीचा पहिला ठराव धापोड्याचा झाला. मी अध्यक्ष, म्हणून मी मांडला. दहा दिवस गच्ची वाळवणाले राखून, अन् सहयोगी सदस्याइनं पाळीपाळीनं कावळे हाकलायचे. एकमतानं मंजूर. साकेतनं अनुमोदन दिलं, त्याले आणखी कैरीची डाळ दिली.

तेराच्या तेरा डबे भरले. चौदावा बळीराम बाबूले पाठवला, तर त्याइनं परत पाठवला, वर चिठ्ठी, "नियमात बसत नाही." खरा माणूस. मी डबा उघडून पाहिला. दोन कमी होते.

पण मले सांगायचं ते दुसरंच. वाळवणाच्या तिसऱ्या दिवशी पाळी आमच्याइची होती. मी गंज घेऊन जिना चढून राहिली होती, अन् वर कोणीतरी अनोळखी बोलत होतं. टॉवरवाला माणूस होता, त्याले बिचाऱ्याले कोणी सांगतलंच नव्हतं. आमचे डोक्यावर ओला दुपट्टा टाकून, हातात तुराटी घेऊन, ओळीनं टाकलेल्या धापोड्याइपाशी बसले होते. शेतात राखणीले बसत तसे.

"मालक आहेत का?" त्यानं विचारलं.

"मालक खाली आहे," आमचे म्हणाले. "पीठ शिजवून राहिली. येईलच आता."

"अन् आपण कोण?"

आमच्याइनं तुराटी उचलली, एक कावळा हाकलला, दुपट्टा सारखा केला.

"मी सहयोगी सदस्य," म्हणाले. अगदी जाकीट घातलं असावं अशा आवाजात. "काही काम असेल त तिलेच सांगा लागते. मिटिंग होते, मग ठरते. चहा घेता का तवर? आलं टाकून करतो मी."

गरम पीठ कोणासाठी थांबत नाही, हे मले चाळीस वर्षापासून माहीत आहे. तरी गंज कठड्यावर टेकवून मी तिथंच, दरवाजाच्या एक पायरी खाली, जरा वेळ थांबली.